थेंबाचा आरंभ : बाष्प, थेंब आणि घन पृष्ठभाग



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांचा विषय विज्ञान होता. तेव्हा त्यांना वाहावयाची आदरांजली विज्ञानाच्याच भाषेत असावी, असे मला वाटले. विषय निवडताना आणखी एक पथ्य पाळले आहे. ज्याची पडताळणी समोर बसलेल्या विद्यार्थ्याला उद्या आपल्या स्वयंपाकघरात करून पाहता येईल, असाच विषय घ्यायचा, हे ते पथ्य होय.

विषय आहे थेंबाच्या आरंभाचा. हवेत अदृश्य रूपाने असलेल्या बाष्पाचा थेंब कसा होतो, आणि त्या कामी घन पृष्ठभाग नेमके काय साहाय्य करतो, हा आजचा प्रश्न आहे. शास्त्रात या क्रियेला 'केंद्रकीभवन' असा भारदस्त शब्द आहे. मी त्याऐवजी 'थेंबाचे बीज धरणे' असे म्हणेन. शेतकऱ्याच्या बोलीतला हा शब्द मला अधिक अर्थवाही वाटतो.

मंचेरियलमध्ये हा विषय परका नाही. आपल्या गावाशेजारून वाहणारी गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते. तिच्यातले पाणी कधीतरी आभाळात बाष्परूपाने होते, आणि कोठल्यातरी सूक्ष्म कणावर त्याने थेंबाचे रूप धरले, तेव्हाच ते खाली येऊ शकले. नदीच्या पलीकडे रामगुंडम येथे औष्णिक वीज निर्माण होत आहे. २०१६ साली आदिलाबादमधून वेगळ्या झालेल्या आपल्या जिल्ह्यात जयपूर येथे सिंगरेणी कंपनीचे ६०० मेगावॅटचे दोन संच उभे आहेत. तेथे कोळशाच्या उष्णतेने पाण्याची वाफ करतात, ती टर्बाइनमधून नेतात, आणि शेवटी थंड नळ्यांवर तिचे पुन्हा पाणी करतात. ढगात आणि वीजकेंद्रात घडणारी ही मूळ घटना एकच आहे.

आरंभ घरातल्या तांब्यापासून करू. पावसाळ्याच्या दिवसांत थंड पाण्याने भरलेला स्टीलचा तांब्या टेबलावर ठेवला, की थोड्याच वेळात त्याला बाहेरून घाम फुटतो. हे पाणी आतून झिरपलेले नसते, कारण स्टीलमधून पाणी झिरपत नाही. मातीच्या माठाची गोष्ट नेमकी उलट आहे. त्याच्या छिद्रांतून पाणी बाहेर येते आणि त्याचे बाष्प होते, म्हणून माठ गार राहतो. तांब्यावर मात्र हवेतले बाष्प पाणी होऊन बसते. दोन्ही भांडी बाहेरून ओली दिसतात, पण एकावर पाणी हवेत जात आहे आणि दुसऱ्यावर ते हवेतून येत आहे.

हवेत बाष्प मावण्याला तापमानाची मर्यादा असते. ३० अंश सेल्सियसला एका घनमीटर जागेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकते, तर २० अंशाला केवळ १७ ग्रॅम. या मर्यादेला आपण संपृक्तता म्हणतो. समजा, खोलीचे तापमान ३० अंश आहे आणि आर्द्रता ६० टक्के. ती हवा गार करत नेली, तर सुमारे २१ अंशांवर ती संपृक्त होईल. हा तिचा दवबिंदू. आता तांब्यातले पाणी १५ अंशांचे असेल, तर तांब्याला लगटून असलेल्या हवेत त्या तापमानाला मावण्याजोग्या बाष्पाच्या जवळजवळ दीडपट बाष्प आहे. म्हणजे ती अतिसंपृक्त आहे. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेलेला असताना आर्द्रता २० टक्केच असेल, तर दवबिंदू १६ अंशांच्या आसपास उतरतो. मग तोच तांब्या जेमतेम ओलसर होतो. पाणी तेच, तांब्या तोच. फरक हवेतल्या बाष्पाचा आहे.

येथवर सारे शालेय पुस्तकात असते. पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हवेत दीडपट बाष्प आहे, तर मग तांब्याभोवतालच्या गार हवेतच थेंब का होत नाहीत? ते तांब्याच्या अंगावरच का धरतात? आणि अंगावर धरताना सगळीकडे सारखे न धरता ठिपक्याठिपक्यांनी का धरतात?

याचे उत्तर लहान थेंबाच्या अडचणीत आहे. द्रवाच्या पृष्ठभागावरील रेणूंना आतल्या रेणूंइतके शेजारी नसतात. आतला रेणू चहूकडून बांधलेला असतो, तर कडेचा अर्धवट बांधलेला. म्हणून पृष्ठभाग निर्माण करण्यासाठी ऊर्जा खर्चावी लागते, आणि हाच पृष्ठताणाचा अर्थ होय. थेंब जितका लहान, तितके त्याच्या एकूण रेणूंपैकी कडेवरचे अधिक. अशा थेंबातून रेणू सहज निसटतात. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले शास्त्रज्ञ, यांनी १८७१ साली वक्र पृष्ठभागावरील बाष्पदाबाचा हा नियम मांडला. त्यानुसार हिशेब केला तर २० अंश तापमानाला १०० नॅनोमीटर त्रिज्येचा थेंब टिकायला हवा संपृक्ततेहून सुमारे एक टक्का अधिक भरलेली पुरते. १० नॅनोमीटरच्या थेंबाला ११ टक्के जादा लागतात. एका नॅनोमीटरच्या थेंबाला मात्र हवा जवळजवळ तिप्पट भरलेली असावी लागते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

येथे मोठा पेच उभा राहतो. प्रत्येक मोठा थेंब कधीतरी लहान होता. लहान थेंब टिकू शकत नसेल, तर मोठा होणार कोठून?

हा पेच नीट मांडला तो अमेरिकेतील जोसाया विलार्ड गिब्ज यांनी. १८७५ ते १८७८ या काळात त्यांचा विषम पदार्थांच्या समतोलावरील प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. त्यातील विचार आपण जमाखर्चाच्या भाषेत पाहू. बाष्पाचे पाणी होताना, हवा अतिसंपृक्त असेल तर, प्रत्येक रेणूमागे काही मुक्त ऊर्जा कमी होते. ही जमेची बाजू. ती थेंबाच्या घनफळाच्या, म्हणजे त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढते. खर्चाची बाजू म्हणजे नवा पृष्ठभाग. तो त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्रिज्या फार लहान असताना वर्ग घनावर मात करतो, मोठी झाल्यावर घन वर्गावर. म्हणून थेंब वाढू लागला की आधी तोटाच तोटा होतो. एका विशिष्ट आकाराला तोटा सर्वांत मोठा असतो. तो आकार ओलांडला, की पुढची प्रत्येक वाढ फायद्याची. मध्ये उभी असलेली ही तोट्याची टेकडी चढावी लागते. तिच्या माथ्यावरच्या थेंबाला क्रांतिक थेंब म्हणतात.

टेकडी चढवतो कोण? रेणूंची अखंड चाललेली यदृच्छ धडपड. चार रेणू योगायोगाने एकत्र येतात, विखुरतात. पुन्हा दहा येतात, विखुरतात. बहुतेक सारे प्रयत्न अर्ध्या वाटेतून परततात. एखादाच माथा गाठतो. टेकडीची उंची मोजायचे माप म्हणजे त्या तापमानाला एका रेणूच्या वाट्याला येणारी सरासरी उष्मीय ऊर्जा. तिला आपण एक 'पायरी' म्हणू. उंची एका पायरीने वाढली, की यश मिळण्याची शक्यता सुमारे पावणेतीन पटीने घटते. पायऱ्या वाढत गेल्या की ही घट किती भयंकर होते, ते आता पाहू.

आपल्या तांब्याच्या उदाहरणात, १५ अंश तापमान आणि दीडपट अतिसंपृक्तता धरून, निव्वळ हवेत धरावयाच्या क्रांतिक थेंबाची त्रिज्या सुमारे २.७ नॅनोमीटर येते. त्यात जवळजवळ २,८०० रेणू असतात. टेकडीची उंची भरते सुमारे ५७५ पायऱ्या. म्हणजे यशाची शक्यता एक छेद, एकावर अडीचशे शून्ये दिल्यावर होणारी संख्या. विश्वाच्या वयाइतका काळ वाट पाहिली तरी स्वच्छ हवेत तो थेंब धरणार नाही. हे नुसते कागदी गणित नाही. स्कॉटलंडचे जॉन एटकेन यांनी १८८० च्या सुमारास दाखवून दिले, की धूळ गाळून काढलेल्या हवेत वाफ सोडली तर धुके होत नाही. पुढे सी. टी. आर. विल्सन यांनी आपल्या मेघपेटीत धूळविरहित हवा एकदम प्रसरण पाववून गार केली. तेव्हा विद्युत्भारित कणांवर थेंब धरायला सुमारे चौपट, आणि असा कोणताही आधार नसताना दाट मेघ उमटायला सुमारे आठपट अतिसंपृक्तता लागली. त्याच पेटीने पुढे अणुकणांचे मार्ग दाखवले आणि १९२७ साली विल्सन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या आकाशात मात्र आठपट तर सोडाच, संपृक्ततेच्या वर एक टक्का जाणेही दुर्मीळ असते. तरी ढग होतात. याचा अर्थ, निसर्ग ही टेकडी सरळ चढत नाही. तो आधार शोधतो.

आता आपण आजच्या विषयाच्या गाभ्याशी आलो. तो आधार म्हणजे पृष्ठभाग.

पाण्याचा थेंब घन पृष्ठभागावर ठेवला, की त्याची कड त्या पृष्ठभागाशी एक कोन करते. हा स्पर्शकोन. टॉमस यंग यांनी १८०५ साली याचे विवेचन केले. स्वच्छ काचेवर पाणी पसरते, कोन लहान असतो. मेणावर थेंब फुगून बसतो, कोन काटकोनाहून मोठा असतो. अळूच्या किंवा कमळाच्या पानावर तो जवळजवळ पूर्ण गोल होऊन घरंगळतो, तेथे कोन १५० अंशांच्याही पुढे जातो. पाण्याशी सलगी करणाऱ्या पृष्ठभागाला जलस्नेही आणि दूर ठेवणाऱ्याला जलविरोधी म्हणू.

पृष्ठभागावर धरणाऱ्या थेंबाची वक्रता हवेतल्या क्रांतिक थेंबाइतकीच असावी लागते. त्यात सूट नाही. पण येथे पूर्ण गोल घडवावा लागत नाही. गोलाची एक टोपी घडवली की पुरते. टोपी जितकी चपटी, तितके कमी रेणू जमवावे लागतात, आणि टेकडी तितकीच ठेंगणी होते. स्पर्शकोन १८० अंश असेल तर पृष्ठभागाची मदत शून्य. १२० अंशाला टेकडी मूळच्या ८४ टक्के उरते, काटकोनाला बरोबर निम्मी, ६० अंशाला १६ टक्क्यांहून किंचित कमी, आणि ३० अंशाला अवघी सव्वा टक्का.

हे प्रमाण तांब्याला लावून पाहा. ५७५ पायऱ्यांची टेकडी ६० अंशांच्या पृष्ठभागावर सुमारे ९० पायऱ्यांची होते, ३० अंशांच्या पृष्ठभागावर साडेसात पायऱ्यांची. दर चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदाला रेणूंचे होणारे प्रयत्न ढोबळमानाने एकावर पंचवीस शून्ये इतके धरू. मग ६० अंशांच्या, अगदी निर्दोष गुळगुळीत पृष्ठभागावर चौरस सेंटिमीटरमागे एक थेंब धरायला तीसेक लक्ष वर्षे लागतील. ३० अंशांच्या पृष्ठभागावर तो तत्क्षणी धरेल. बाष्प तेवढेच, थंडावा तेवढाच. पृष्ठभागाच्या स्वभावातील फरकाने अशक्य गोष्ट क्षणात घडते.

कोणी विद्यार्थी येथे म्हणेल, की आमच्या घरचा स्टीलचा तांब्या तर तेवढा जलस्नेही नसतो, तरी त्याला लगेच घाम फुटतो. ही शंका रास्त आहे. उत्तर असे, की खरा पृष्ठभाग निर्दोष नसतो. त्यावर घासणीचे ओरखडे असतात, धुळीचे कण असतात, बोटांच्या घामातले मीठ असते. ओरखड्याच्या अरुंद खाचेत पाण्याची कड बाहेर फुगत नाही, आत वाकते. केल्विनचा नियम तेथे उलटा लागू होतो, आणि संपृक्ततेच्या आधीच पाणी साठू शकते. मीठ तर बाष्प आपणहून ओढून घेते. तांब्यावर थेंब ठिपक्याठिपक्यांनी का धरतात, याचे उत्तर हे आहे. दोष आहेत तेथे बीज धरते. तेथून ते वाढते, शेजारच्या थेंबात मिसळते आणि जड झाले की ओघळते.

याचा एक सोपा प्रयोग सांगतो. तांब्याचे, म्हणजे ताम्र धातूचे, एक भांडे घ्या. त्याची अर्धी बाजू चिंचेने लख्ख घासून भरपूर पाण्याने धुवा, उरलेल्या बाजूवर तेलकट बोट हलकेच फिरवा. मग आत बर्फाचे पाणी भरून दमट दिवशी पाहा. ताज्या घासलेल्या बाजूवर पाण्याचा पातळ पापुद्रा धरू पाहील, तेलकट बाजूवर सुटे थेंब दिसतील. बर्फ नसेल तर स्वच्छ काचेवर नुसती फुंकर घाला. लॉर्ड रॅले यांनी १९११ साली काचेवर ज्योत फिरवून तिचा माग निर्मळ केला आणि वर श्वास सोडला. ज्योतीच्या मार्गावर अखंड पापुद्रा उमटला, बाकी काच धुरकट झाली. ते धुरकटपण म्हणजे अगणित सूक्ष्म थेंब.

पापुद्रा आणि थेंब हा भेद करमणुकीचा नाही. जयपूरच्या वीजकेंद्राकडे वळलो की तो ध्यानात येतो. ६०० मेगावॅटच्या एका संचात, ढोबळ हिशेबाने, दर सेकंदाला सुमारे ३०० किलोग्रॅम वाफेचे पाणी करावे लागते. हे काम कंडेन्सरमधील हजारो नळ्यांवर होते. नळ्यांतून थंड पाणी वाहते, बाहेरून वाफ येते. प्रत्येक किलोग्रॅम वाफ सुमारे २४ लाख ज्यूल अप्रकट उष्मा सोडते, आणि ती नळीतून पलीकडे गेली पाहिजे. ती झटपट गेली, तर कंडेन्सरमधला दाब खाली राहतो आणि टर्बाइनला तेवढ्याच कोळशात अधिक काम करता येते.

धातूच्या नळीवर नेहमी ऑक्साइडचा जलस्नेही थर असतो. त्यावर बीज सहज धरते, पण पाणी पसरून पापुद्रा होतो, आणि तोच पापुद्रा पुढच्या वाफेच्या वाटेत भिंत बनून उभा राहतो. विल्हेल्म नुसेल्ट यांनी १९१६ साली या पापुद्र्याचे गणित मांडले. ते आजही अभियंत्यांच्या उपयोगी पडते. उलट, जलविरोधी पृष्ठभागावर सुटे थेंब होतात, मोठे होऊन घसरतात, घसरताना वाटेतले लहान थेंब पुसून नेतात आणि मागे कोरडी जागा ठेवतात. तेथे नवी बीजे धरतात. जर्मनीत १९३० साली श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की थेंबांनी होणारे संघनन पापुद्र्याच्या अनेकपट वेगाने उष्णता वाहून नेते. पुढील प्रयोगांत हे प्रमाण पाच ते दहा पट इतके आढळले.

मग शतक होत आले तरी वीजकेंद्रांत पापुद्राच का आहे? कारण जलविरोधी लेप टिकत नाही. तेलकट आम्लांचे थर वाफेबरोबर धुऊन जातात, सोने उत्तम पण परवडणारे नाही, प्लास्टिकचा लेप जाड दिला तर तोच उष्णतेला अडवतो आणि पातळ दिला तर सोलतो. अलीकडे कार्बनच्या एकअणुजाड थरांचे आणि तेल मुरवलेल्या खडबडीत पृष्ठभागांचे प्रयोग चालू आहेत. शिवाय नळीच्या आतल्या बाजूचा रोधही शिल्लक राहतो, म्हणून बाहेरची दहापट सुधारणा पूर्ण यंत्राच्या पदरात दहापट पडत नाही.

या प्रश्नातील खरा पेच तात्त्विक आहे. जो पृष्ठभाग बीज लवकर धरतो, तो पाणी सोडत नाही. जो पाणी सोडतो, तो बीज लवकर धरत नाही. अळूच्या पानाची नक्कल करून हे सुटेल असे काहींना वाटले. पण आकाशातून पडलेला थेंब अळूवरून घरंगळतो, म्हणून तेथेच धरलेला थेंबही घरंगळेल असे नाही. पानावरच्या सूक्ष्म उंचवट्यांच्या आत, खोबणीत बीज धरले, तर थेंब तेथे रुतून बसतो. म्हणून संशोधक आता जलविरोधी पृष्ठभागावर जलस्नेही ठिपके पेरतात. ठिपक्यांनी धरायचे आणि बाकीच्यांनी सोडायचे, अशी ती विभागणी आहे.

आता थोडे दवाविषयी. विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१४ च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की निरभ्र रात्री गवत, पाने, पत्रे आपली उष्णता आकाशाकडे सोडून हवेपेक्षा गार होतात, म्हणून त्यांवर दव पडते. कच्छमधील कोठारा परिसरात या शतकाच्या आरंभी प्रा. गिरजा शरण यांनी खास पत्र्यांवर दव गोळा करून पिण्याचे पाणी मिळवण्याचे मोलाचे प्रयोग केले. तेथे मर्यादा कोणती येते? पृष्ठभागाने चौरस मीटरमागे ६० वॅट उष्णता दहा तास आकाशात सोडली, असे धरू. ती होते २१ लाख ६० हजार ज्यूल. एक लिटर बाष्पाचे पाणी करायला सुमारे साडेचोवीस लाख ज्यूल बाहेर टाकावे लागतात. म्हणजे रात्रभरात चौरस मीटरमागे एक लिटरही मिळणे कठीण. पृष्ठभाग कितीही कुशल घडवला, बीज कितीही लवकर धरले, तरी ही कमाल मर्यादा हलत नाही. चांगला पृष्ठभाग धरलेले पाणी वाया जाऊ देत नाही, एवढेच.

हाच निष्कर्ष ढगांना लावला, की आजच्या काळातील एक कळीचा सार्वजनिक प्रश्न समोर येतो. पाऊस ओढ देतो, तेव्हा कृत्रिम पावसाची मागणी होते. महाराष्ट्रात २००३, २०१५ आणि २०१९ साली शासनाने असे प्रयत्न केले. पिके करपत असताना विमान आभाळात गेले, की शेतकऱ्याच्या मनात आशा जागते. त्या आशेला विज्ञानाने प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे.

ढगातला प्रत्येक थेंब धूळ, धूर, समुद्राचे मीठ, गंधकाचे क्षार अशा कणांवर धरतो. विरघळणाऱ्या क्षाराचे कण बाष्प ओढून टेकडी आणखी खाली आणतात. त्याचे गणित हिल्डिंग कोहलर यांनी १९३६ साली मांडले. थंड ढगांत पाणी शून्याखाली जाऊनही गोठत नाही, तेथे हिमाचे बीज लागते. बर्नार्ड व्हॉनेगट यांनी १९४६ साली सिल्व्हर आयोडाइड निवडले, कारण त्याची स्फटिकरचना हिमाशी फार मिळतीजुळती आहे. उष्ण ढगांत मिठासारखे पाणी ओढणारे कण सोडतात. ते मोठे थेंब धरतात, मोठे थेंब लहानांना गाठून गिळतात. ढगातले सुमारे दहा लाख थेंब एकत्र आल्यावर पावसाचा एक थेंब होतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने बारामती परिसरात १९७३ ते १९८६ दरम्यान अकरा पावसाळ्यांत ढगांत मीठ सोडण्याचे प्रयोग केले, आणि सरासरी २४ टक्के वाढ नोंदवली. याच संस्थेने २०१८ व २०१९ मध्ये सोलापूरच्या पर्जन्यछायेत २७६ ढगांचा अभ्यास केला. त्यांतील काही ढगांत बीजन केले, काहींत मुद्दाम केले नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, बीजन केलेल्या जागेच्या वाऱ्याच्या दिशेला सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पावसात सरासरी १८ टक्के वाढ आढळली.

हे यश खरे आहे, आणि त्याची मर्यादाही खरी आहे. १८ टक्के वाढ कशाच्या? जो पाऊस तसाही पडणार होता, त्याच्या. जेथे योग्य ढग नाही, तेथे शून्याचे १८ टक्के शून्यच राहतात. बीज टेकडी ठेंगणी करते. ते बाष्प निर्माण करत नाही, आणि बाष्प वर नेणारा वाराही निर्माण करत नाही. म्हणून निरभ्र दुष्काळात विमान पाठवणे हे शास्त्र नव्हे. ढग असलेल्या दिवसांत, नीट मोजमाप ठेवून, धरणांच्या पाणलोटावर बीजन करणे हे शास्त्र होय. हा भेद समजणारे नागरिक घडवणे हे मला शाळेचे काम वाटते. तो भेद समजला, तर जनतेचा पैसा आणि शेतकऱ्याचा विश्वास दोन्ही वाचतील.

एक खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. मी सांगितलेले गणित गिब्ज यांच्या विचारांवर उभे आहे. १९२६ साली फोल्मर आणि वेबर यांनी, व १९३५ साली बेकर आणि ड्योरिंग यांनी त्याला गतीची जोड दिली. या सिद्धांतात शेदोनशे रेणूंच्या पुंजक्यालाही तांब्याभर पाण्याचाच पृष्ठताण लावला जातो. ही गृहीतधारणा ताणलेली आहे, आणि प्रत्यक्ष मोजमाप कधी कधी हिशेबापासून कित्येक पटींनी दूर जाते. तरी आरंभाला टेकडी असते, पृष्ठभाग ती उतरवतो, आणि पुढची वाढ बाष्पावर व उष्णतेच्या निचऱ्यावर अवलंबून असते, हा सांगाडा दीडशे वर्षांत ढळलेला नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तांब्यावरचा थेंब, जयपूरच्या नळीवरचे पाणी, कच्छच्या पत्र्यावरचे दव आणि सोलापूरचा ढग या चारही ठिकाणी आपल्याला एकच गोष्ट दिसली. आरंभ सोपा करणे वेगळे आणि वाढ पोसणे वेगळे. दोन्हींची गल्लत केली, की माणूस एक तर निराश होतो, नाहीतर फसवला जातो.

शिक्षकाचे काम काहीसे पृष्ठभागासारखे असते, असे मला वाटत आले आहे. विद्यार्थ्यापुढची पहिली टेकडी तो ठेंगणी करतो, जिज्ञासा मात्र विद्यार्थ्याचीच असावी लागते, ती त्याला बाहेरून ओतता येत नाही. आणि उत्तम पृष्ठभाग बीज धरतो, तसा थेंब मोठा झाल्यावर त्याला सोडतोही. गुरुजींनी या गावातल्या कित्येक पिढ्यांना असे धरले आणि वेळ येताच सोडून दिले. तेलुगु मुलखात मराठीतून विज्ञान शिकवण्याचा त्यांचा वसा हे विद्यालय पुढे चालवीत आहे, याचा मला आनंद वाटतो. त्यांच्या स्मृतीस अभिवादन करतो.